तुम्ही विचारलंत म्हणून: फिक्स्ड घेऊ की फ्लोटिंग?

होमलोनचं काम करतो म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीत बसलो तरी शेजारचा हेच विचारतो, फिक्स्ड घेऊ का फ्लोटिंग? म्हणजे व्याजदर ठरलेला तोच राहणारा (फिक्स्ड) की वर-खाली होणारा (फ्लोटिंग). माझं उत्तर फ्लोटिंग. पण कारण ऐकून घ्या, नाहीतर उद्या दर वाढले की माझ्या नावानं खडे फोडाल.

आपल्याकडे फिक्स्ड म्हणून जे विकतात ना, ते बऱ्याचदा पहिली दोन-तीन, फार तर पाच वर्षंच फिक्स्ड असतं, पुढे आपोआप फ्लोटिंग. पूर्ण मुदतीला मिळालं तरी बारीक अक्षरात रिसेट क्लॉज, म्हणजे मधेच दर बदलायची अट, आहे का ते बघा. दर बहुतेक वेळा चढाच असतो, वर लवकर फेडायला गेलात तर दंड बसू शकतो. फ्लोटिंगला तसं नाही, स्वतःच्या नावावरचं घराचं कर्ज असेल तर बँकेला प्रीपेमेंट चार्ज घेता येत नाही, २०१२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. बोनस आला, गावाकडची जमीन विकली, की भरा पैसे. मला विचाराल तर फ्लोटिंगचा खरा फायदा हाच, दर कधी उतरतात याची वाट बघत बसण्यात काही राम नाही.

आता फ्लोटिंगची दुसरी बाजू. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग लोन बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उधार देते त्याला. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्के होता, मे २०२२ ला चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ ला ६.५! समजा ३० लाख, २० वर्षं, साडेसहा टक्के. हप्ता साधारण २२,३७० रुपये. दर ९ झाला की ३० लाखावर महिन्याचं नुसतं व्याजच २२,५०० होतं, म्हणजे मधल्या काळात थोडी मुद्दल फिटली असली तरी हप्ता जवळजवळ सगळा व्याजातच जातो. लोक म्हणत होते हप्ता तर तोच आहे की, काय झालं? अहो, बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, ती बघा ना, वीस वर्षांचं कर्ज कुठल्या कुठे गेलं, रिटायरमेंटच्याही पुढे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे गिऱ्हाइकाला निवडू द्या. झेपत असेल तर हप्ता वाढवा.

आणि २०२५ मध्ये रेपो उतरत ५.२५ वर आला, तरी तुमचा दर हललाच नसेल तर कर्ज अजून जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर, आहे का ते आधी तपासा. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तिला रेपोचं बंधनच नाही. बँकेत थोडी फी भरून रेपोवर जाता येतं, पण अर्ज तुम्हालाच द्यावा लागेल, तिथून कोणी फोन करून सांगणार नाहीये.