शिटी

मंगळवार, रात्री पावणेबारा

तात्यांच्या नाकातून शिटी येतेय. सर्दी झालेलं बाळ झोपेत वाजवतं तशी. काचेला कान लावला तरच ऐकू येते, आणि मी तासभर कान लावूनच बसलेय.

तात्या म्हणजे आमचा बॉल पायथन, आफ्रिकेतला छोटा अजगर. घरात येऊन आज नववा दिवस. आल्या दिवशी वजन ४३८ ग्रॅम, रविवारी ४३१. म्हणजे दीड टक्का गेलं, तेही शी झाल्यावर. दहा टक्के उतरलं असतं तर कधीच रिक्षा पकडली असती. जेवत नाहीत त्याचंही काही नाही. बॉल पायथन नव्या घरात महिना महिना तोंड फिरवून बसतो. पहिला आठवडा हात लावायचा नाही, मग वजनाच्या दहाव्या हिश्शाचा फ्रोझन उंदीर कोमट करून चिमट्याने समोर धरायचा. नाही घेतला तर फेकायचा आणि पुढचे पाच-सात दिवस गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतंय.

शिटीचं नाही जमत. सापाला श्वासपटल नसतं, त्यामुळे धड खोकता येत नाही. छातीत शेंबूड साठला की साठतच जातो. त्यात पेटीची गार बाजू पहाटे २३ वर होती, २५ च्या खाली जायला नको. उबेची बाजू थर्मोस्टॅट ३२ वर धरून ठेवतो, पण गार बाजू खोलीच्या मेहरबानीवर, आणि खोलीत आमच्या झोपेसाठी एसी २४. म्हणजे न्यूमोनियाला आवतण मीच दिलं. हे बाळंतपण मला झेपणारं नव्हतंच, सगळे म्हणत होते.

डॉक्टरांना फोन करू? कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, सापाचं तोंड उघडून बघणारे शोधावे लागतात. दीड तास पावसात, उशीच्या अभ्र्यात बांधून, भोकं पाडलेल्या डब्यात घालून न्यायचं, आणि तिथे ऐकायचं की काही झालेलं नाही. की उशीर केलात असं ऐकायचं. मला नक्की कशाचं भय वाटतंय, तात्यांचं की हसं होण्याचं?

मघाशी दारातून आईने विचारलं, "लांबडं निजलं का?" रात्री साप म्हणायचं नाही, आफ्रिकेचा असला तरी.

मग शेवटी टॉर्च काढला. नाकपुड्या कोरड्या. बुडबुडे नाहीत, काचेवर चिकट डाग नाही, तोंड मिटलेलं, मान वर ताणलेली नाही. पोट मात्र गुलाबी, आणि डोळे दुधात पाणी घातल्यासारखे निळसर.

कात!

नाकपुडीच्या कडेची जुनी कातडी सैल झाली की अशी शिटी वाजते. हे मला पाठ आहे. पाठ असून तासभर रडले, शाबास.

तर आता उंदीर नको, हात नको. डोळे निवळल्यावर तीन-चार दिवसांत कात पडेल. डोळ्यांवरच्या चकत्या आणि नाकपुड्यांच्या कडा कातीसोबत आल्या का बघायचं. त्यानंतरही शिटी राहिली तर दवाखाना. मध्येच तोंड उघडून श्वास घ्यायला लागले किंवा बुडबुडे दिसले तर कातीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी. कातीला लागणारा दमटपणा जुलैत मुंबई फुकट देते. पेटीत अंथरलेल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, भिजलेला कोपरा तेवढा बदलला.

पहिली तपासणी तशीही आहेच. एक-दोनदा जेवण पचलं की जायचं. जेवणानंतर दोन-तीन दिवस तरी नाही, हलवलं की ओकतात. त्याच दिवशीची शी झिपच्या पिशवीत, खडूसारखा पांढरा भाग नको, तपकिरी भाग, जंतांसाठी. जाईपर्यंत ती फ्रीजमध्ये. कुठल्या कप्प्यात, हे आईला कसं सांगायचं ते नंतर बघू. परिवेश या सरकारी पोर्टलवर तात्यांची नोंदणी केल्याचा कागद डब्याच्या झाकणाला चिकटवलाय.

एसी २७ वर केला. आतल्या खोलीत पंखा पाचवर गेल्याचा आवाज आला.