घरच्या घरी ‘फिट’: इंग्लंडमधल्या आतड्याच्या तपासणीचा माझा अनुभव

इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या प्रत्येकाला एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, दर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं किट घरपोच येतं, तेही फुकट. त्यासाठी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदलेलं हवं आणि तिथला पत्ता आत्ताचा हवा. घर बदललं की बँकेला आपण लगेच कळवतो, जीपीला कळवायचं राहून जातं आणि किट जुन्या घरी जाऊन पडतं. ते वेळेवर मिळालं तरी बरेच जण ‘मला कुठे काय होतंय’ म्हणत ड्रॉवरमध्ये टाकून देतात. पण ही तपासणी आहेच मुळी काही त्रास नसलेल्यांसाठी. मोठ्या आतड्यात आधी पॉलिप, म्हणजे मांसाचा लहानसा कोंब येतो. त्यातल्या काहींचा कर्करोग होतो, पण त्याला बहुधा कैक वर्षं लागतात. त्या काळात अधूनमधून थोडं रक्त झिरपतं, डोळ्यांना न दिसण्याइतकं. ‘फिट’ (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट) ही किटमधली चाचणी मळातलं तेच रक्त शोधते.

किटमध्ये बोटभर लांबीची प्लास्टिकची बाटली, सूचनापत्रक आणि टपालखर्च भरलेलं परतीचं पाकीट असतं. बाटलीचं झाकण फिरवून ओढलं की त्यालाच जोडलेली काडी बाहेर येते. तिच्या टोकाला बारीक खाचा असतात. या खाचांत मावतो तेवढाच मळ पुरतो, जेमतेम 10 मिलिग्रॅम. बाटलीत सुमारे 2 मिलिलिटर द्रव असतो, रक्तातलं हिमोग्लोबिन टिकवून धरण्यासाठी. तो सांडू द्यायचा नाही. प्रयोगशाळेतला हिशेब या दोन मापांवरच चालतो, त्यामुळे ‘जरा जास्त देऊ, नीट तपासतील’ हा विचार इथे उलटतो. मळ जास्त गेला की आकडा चुकतो किंवा नमुनाच बाद होतो.

लोक अडतात ते कमोडमधल्या पाण्यापाशी. मळ पाण्यात पडला की रक्त धुऊन जातं, शिवाय सफाईचं रसायन त्यात मिसळतं. मला सोपं पडलं ते असं: आइस्क्रीमचा रिकामा डबा धुऊन कोरडा केला, तळाशी टॉयलेट पेपरच्या घड्या घातल्या. लघवी आधीच उरकली. आणि आपल्या सवयीचं एक पथ्य: नमुना घेऊन होईपर्यंत टमरेल किंवा जेटला हात लावायचा नाही. मग काडीचं टोक मळाच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या ठिकाणी घासायचं, खाचा भरेपर्यंत. रक्त सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं, म्हणून एकाच जागी काडी खुपसून उपयोग नाही. काडी आत घालून झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायचं. ते पुन्हा उघडायचं नाही, कारण आत जाताना बाटलीच्या तोंडाशी जादा मळ निपटला जातो आणि काडी परत घातली की तो आत ढकलला जातो.

बाटलीवर तारीख घालायला विसरू नका. नमुना किती दिवसांचा आहे हेच कळलं नाही, तर तो तपासता येत नाही. मग लगेच टपालात. उन्हात तापलेल्या गाडीत पाकीट ठेवू नका. उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं आणि असलेलं रक्तही सापडत नाही. पाळी चालू असेल तर ती संपून दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत.

पथ्यपाणी काही नाही. फिटमधली प्रतिपिंडं फक्त माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, ओळखतात. कालचं मटण किंवा बीट त्यांना फसवू शकत नाही. 2019 च्या आधी इथे ग्वायक कार्डं होती, म्हणजे रसायनाच्या रंगावरून रक्त ओळखणारी जुनी चाचणी: तीन वेळच्या शौचातून दोन-दोन ठिपके. ग्वायक पद्धतीत लाल मांस आणि कच्चा मुळा खोटा होकार देऊ शकतात, तर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या खोटा नकार. भारतात सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांची आहे, मोठ्या आतड्याची नाही. तिकडे आईवडिलांची तपासणी करून घेताना ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ (मळातलं न दिसणारं रक्त) एवढंच म्हणू नका. पद्धत ग्वायकची की इम्युनोकेमिकल, म्हणजे फिटची, हे लॅबला आधी विचारा.

निकालाचं पत्र साधारण दोन आठवड्यांत येतं. ‘पुढच्या तपासणीची गरज नाही’ म्हणजे रक्त शून्य आहे असं नव्हे, ते ठरलेल्या रेषेच्या खाली आहे. इंग्लंडने 2019 मध्ये ही रेषा एका ग्रॅम मळामागे 120 मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिनवर ठेवून सुरुवात केली. स्कॉटलंडने 80 वर. लक्षणं असलेल्यांसाठी जीपी वापरतात ती रेषा 10 ची आहे. त्यामुळे शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय बदलून तशीच राहिली असेल, वजन उगाच उतरत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर हे पत्र खिशात असलं तरी जीपीकडे जायलाच हवं.

पत्रात पुढची तपासणी हवी असं आलं तर ‘आणखी एकदा फिट करून बघू’ म्हणणारे भेटतात. तसं करू नका, हे मी अगदी कळवळून सांगते. पॉलिपमधून रक्त रोज येत नाही. दुसरा नमुना स्वच्छ निघाला म्हणून पहिला खोटा ठरत नाही. ‘मूळव्याध आहे, तिचंच असेल’ हेही नको, मूळव्याध आणि पॉलिप एकाच माणसाला असू शकतात. पुढची पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. पॉलिप दिसला तर बहुधा तेव्हाच काढता येतो.

तिची तयारी हेच मोठं काम. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांचं मात्र नर्सला विचारूनच ठरवायचं. आधीचे दोन-तीन दिवस भाकरी, मेथी, मोडाची मटकी, तीळ, शेंगदाणे वर्ज्य. पांढरा भात आणि साधा पाव चालतो. मग रेचक, दिलेल्या वेळीच आणि पूर्ण. चव नकोशी वाटली तर थंड करून स्ट्रॉने प्यावं. शेवटी पिवळसर, आरपार दिसेल असं पाणीच पडू लागलं की आतडं तयार. रेचक संपवूनही ते तपकिरी, गढूळ राहिलं तर निघण्याआधी विभागाला फोन करा.