पहाटे चारची नाडी

कॅलेंडरच्या जुन्या पानाची कोरी बाजू आणि तिच्यावर निळ्या पेनानं लिहिलेल्या तीन ओळी. पहिल्या दोन तारखांपुढे फक्त 'जागी'. तिसरीपुढे '१०८. पहाटे ४.१०. झोपली होती.' सोमवारी ओपीडीची रांग लागायच्या आधी आशाताईनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

"पुरा एक मिनिट मोजली म्याडम. अंगठा नाही लावला."

मी तो आकडा दोनदा वाचला. चौतीस वर्षांची बाई, डिसेंबरची थंडी, गाढ झोप आणि नाडी १०८.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी-पांढरकवड्याच्या पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. गाव सांगत नाही, बाईचं नावही नाही. या गोष्टीत चूक माझी आहे, तेवढी मात्र सांगते.

ती पहिल्यांदा आली ऑक्टोबरच्या शेवटी. कापूस फुटायला लागला होता, म्हणजे ओपीडीत बाया येतात त्या पाठ धरून किंवा बोंडाच्या टोकांनी सोलवटलेली बोटं घेऊन. ही आली झोप घेऊन. "दोन महिने झाले, डोये मिटले तरी आत सारं चालूच रायते जी."

आमच्या भागात झोप न लागणाऱ्या माणसाला कारण विचारायची सोय नाही, कारण विचारलं की ते असतंच. सोयाबीन पावसात गेलं होतं. पऱ्हाटीवर बोंडअळी होती. सोसायटीचं कर्ज थकलेलं, वर एका सावकाराचं. नवरा रात्री रानडुकरं आणि रोही हाकलायला जागलीवर. मन खचलेल्या शेतकरी कुटुंबांसाठी सरकारनं प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो काही उगाच नाही. आत्महत्या झालेल्या घरी जाऊन आलेली कुठलीही डॉक्टर अशा बाईची झोप हलक्यात घेत नाही. मीही घेतली नाही. वीस मिनिटं तिच्याशी बोलले, गर्दीच्या ओपीडीत वीस मिनिटं म्हणजे फार. आणि त्या वीस मिनिटांत तिच्या मनगटाला हातही लावला नाही.

तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात तिला आधीच अल्प्राझोलम मिळालं होतं. चार रात्री झोपली, मग त्याच गोळीनं नुसती सुस्ती यायची. मी ती हळूहळू बंद करायला सांगितली, संध्याकाळचा चहा सोडायला सांगितलं आणि रात्री एक अमिट्रिप्टिलिन दिली, २५ मिलिग्रॅमची. केसपेपरवर लिहिलं 'ताण, निद्रानाश'.

नोव्हेंबरात परत आली. "ते गोळीनं तोंडाले कोरड पडे. चार दिवस घेतली, मंग सोडली. छातीत मोटर चालू झाल्यावाणी वाटे." सिस्टरनं केसपेपरवर नाडी लिहिली होती, ११०. मी ती पाहिली. पाहिली आणि मनात म्हटलं, ही गोळी नाडी वाढवतेच, शिवाय बाई फाट्यावरून दोन किलोमीटर चालत आली आहे. गोळी सोडून किती दिवस झाले ते विचारलंच नाही. दोन आठवडे झाले होते. एकदा निदान ठरलं की समोर आलेला प्रत्येक आकडा त्याच्याच बाजूनं साक्ष द्यायला लागतो.

डिसेंबरात मात्र चांगलीच थंडी पडली. आमच्याकडे उन्हाळा पंचेचाळीसच्या घरात जातो त्याची बातमी होते, थंडीची होत नाही, पण गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत पहाटे पाण्यात पाय घालून पाहावा. त्या गुरुवारी ओपीडीबाहेरच्या बाकावर सगळ्या बाया शाली-स्वेटरात, कानाला रुमाल बांधून बसलेल्या. त्यांच्यात ही. पदर खांद्यावरून सरकलेला, कपाळावर घाम, आणि केसपेपरनं वारा घेतेय.

मी दारातच थांबले. मे महिन्यात हीच बाई अशीच बसली असती तर मला दिसलीच नसती. मे महिन्यात आम्ही सगळेच वारा घेतो.

आत आल्यावर पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला. गरम आणि ओला. नागपूरला शिकताना आमचे एक सर सांगायचे, घाबरलेल्या माणसाचा तळवा घामेजतो पण गार असतो. थायरॉइडचा घाम येतो तो गरम तळव्याला. परीक्षेपुरतं पाठ केलेलं वाक्य अकरा वर्षांनी असं उपयोगी पडलं. तिला दोन्ही हात पुढे करून बोटं पसरायला लावली आणि जो केसपेपर ती वाऱ्याला वापरत होती तोच बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता.

मग मी ऑक्टोबरातच विचारायचे प्रश्न विचारले. वजन? तेव्हा ५२ होतं, आता ४६. भूक?

नवरा पहिल्यांदाच बोलला. "हे आता माह्याहून जास्त जेवते म्याडम. घरचे म्हणते, एवढं खाते तं बिमार कशी?"

दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे जावं लागायचं. पाळी दोन महिने नुसती डागापुरती. लघवीची तपासणी करून दिवस गेलेले नाहीत हे आधी पक्कं केलं, कारण पुढची औषधं त्यावर ठरणार होती. खाली उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं, तर उठता येईना. मांड्यांत जोर नव्हता. निंदण-वेचणी करणारी बाई! हे ती सांगत नव्हती, कारण तिला वाटत होतं की झोप नाही म्हणून ताकद नाही.

गळा. पाण्याचा घोट घेताना गळ्याच्या खालच्या भागात एक फुगवटा वर सरकला आणि खाली आला. काळी पोत जरा बाजूला केली नसती तर दिसला नसता. आणि डोळे. वरची पापणी इतकी ओढलेली की बुबुळाच्या वर पांढरं दिसत होतं. सोबत आलेली सासू तेवढ्यात म्हणाली, "दोन महिन्यापासून माह्याकडे अशी डोये वटारून पायते. म्या काय केलं हिले?" त्या घरात या डोळ्यांवरून भांडणं झाली होती. सासूनं उतारा पण टाकला होता. सुनेला बोलायला जागाच नव्हती, कारण ती खरोखर तसंच पाहत होती.

एवढं सगळं दिसल्यावरही माझ्या मनात एक पाल चुकचुकत होती. ताण खोटा नव्हता. कर्ज खरं होतं, सावकार खरा होता. ताणानंही हात कापतात, छाती धडधडते, वजन उतरतं. रक्त त्याच दिवशी घेतलं, पण नमुना बाहेर जाऊन रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागणार होते. तेव्हा सरांचंच दुसरं एक वाक्य आठवलं: चिंतेनं वाढलेली नाडी झोपेत खाली येते, थायरॉइडनं वाढलेली येत नाही. मन झोपलं तरी हार्मोन जागं असतं, असं ते म्हणायचे. वॉर्डात पेशंट भरती असला तर रात्रीची सिस्टर मोजते. इथे कोण मोजणार?

आशाताईचं घर तिच्यापासून तिसरं. मी चाचरतच विचारलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "उठवाचं नाही न तिले?"

नवऱ्यानं दार लोटून ठेवायचं आणि आशाताईनं मोबाइलचं घड्याळ घेऊन जायचं असं ठरलं. दोन रात्री बाई टक्क जागी, भिंतीला टेकून बसलेली, अंगावर चादरसुद्धा नाही. तिसऱ्या पहाटे सापडली. म्हणून १०८.

दुपारी रिपोर्टही आला. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो तो. टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइडची हार्मोन्स दोन्ही चढलेली. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच पाठवून थायरॉइडला काम सांगते. इथे तिनं सांगणं जवळजवळ बंद केलं होतं, तरी थायरॉइड थांबत नव्हती. ईसीजी काढला. ठोके वेगात होते पण ताल बिघडलेला नव्हता, तेवढा जीव भांड्यात पडला.

नवऱ्याला हे कसं सांगावं या विचारात मी कागदावर ग्रंथीचं चित्र काढत होते. त्यानं थोडं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे ऑटो अडकला."

विहिरीवरच्या मोटरला ऑटो बसवलेला असतो, लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते. तो अडकला की विहीर कोरडी पडली तरी मोटर चालूच, जळेपर्यंत. त्यानंतर मी कोणालाही वेगळं उदाहरण दिलेलं नाही. या आजारात, ग्रेव्हजमध्ये, खरोखर असंच होतं. शरीर स्वतःच असे प्रतिपिंड तयार करतं की ते टीएसएचच्या जागेवर बसून ग्रंथीला चालू ठेवतात. पुढे यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात तपासण्या झाल्या आणि ग्रेव्हजच निघाला. डोळ्यांवरून अंदाज होताच.

दमा नाही याची खात्री करून मी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. यानं थायरॉइड बरं होत नाही, पण हृदयावरची आणि हातावरची थरथर लवकर उतरते. मुख्य औषध कार्बिमाझोल, ते यवतमाळहून सुरू झालं. ते नवं हार्मोन तयार होऊ देत नाही, पण ग्रंथीत आधीचा साठा असतो आणि रक्तातलं टी-फोर हळूहळूच उतरतं, म्हणून पहिले काही आठवडे धीर धरावा लागतो. एक गोष्ट मी तिघांकडून तीनदा म्हणवून घेतली: ताप आला किंवा घसा खूप दुखायला लागला, तर कार्बिमाझोल बंद करायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायला यायचं. क्वचित या गोळीनं पांढऱ्या पेशी एकदम उतरतात. नवऱ्यानं ते स्वतःच्या भाषेत बसवलं, "ताप आला तं गोळी बंद, गाडी चालू."

पहिल्या आठवड्यात ती रात्री तीनपर्यंत झोपली. दीड महिन्यात सलग सहा तास. सासू एकदा एकटीच येऊन गेली, रक्तदाब मोजायचं निमित्त करून. जाताना म्हणाली, "आता नीट पायते माह्याकडे."

या प्रकारानंतर मी काही महिने अतिरेक केला हेही सांगायला हवं. झोप नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाचं टीएसएच. बहुतेकांचं नॉर्मल आलं, आणि यायचंच. निद्रानाशाच्या गर्दीत थायरॉइडवाले थोडेच असतात. एका बाईचं उलटं निघालं, थायरॉइड मंद आणि टीएसएच खूप वाढलेलं. ती दिवसभर पेंगायची, रात्री इतकी घोरायची की श्वास अडकून दचकून उठायची, आणि म्हणायची झोपच होत नाही. एक काकू थायरॉइड हार्मोनची गोळी घेणाऱ्या. लेकीकडे शहरात असताना १०० मायक्रोग्रॅमची सुरू झाली होती, घरी जुनी ५० ची पाकिटं पडून होती. वाया जाऊ नये म्हणून त्या दोन्ही घेत होत्या. आमच्याकडे काही वाया जाऊ देत नाहीत. डोस खाली आणला, दोन महिन्यांत झोप आली.

आणि एक शेतकरी, पन्नाशीचा. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी कागद पुढे केला तर हसला. "म्याडम, आठवड्यातून चार दिवस थ्री फेज लाईन रातची येते. त्याले कोणती गोळी हाय?" त्याचं रक्त काढायच्या आधी हे विचारलं असतं तर एक सुई वाचली असती. आता मी दोन्ही करते, विचारते आणि मनगट धरते. विचारायच्या आधी धरते.

ती बाई मार्चमध्ये आली. ४९ किलो, नाडी ७८, टीएसएच अजून वर आलेलं नव्हतं. ते बाकीच्या हार्मोन्सच्या मागून महिन्यांनी येतं. औषध अजून वर्षभर तरी चालणार हे तिला माहीत होतं. झोपेचं विचारलं तर म्हणाली, "कधीमधी जाग येते. कर्जाचं आठवते. पण मंग झोपतो परत."

त्या दिवशी आशाताई महिन्याचा मोबदल्याचा फॉर्म भरत बसली होती. गरोदर मातेची नोंदणी, लसीकरण, नवजात बाळाच्या घरभेटी, प्रत्येकाला रकाना आणि प्रत्येकापुढे दर. पेन थांबवून तिनं विचारलं, "म्याडम, राती चार वाजता नाडी मोजली ते कोणत्या रकान्यात टाकू?"

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मग 'इतर' समोर लिहायला सांगितलं. तिथे दर छापलेला नव्हता.