सांगलीत राहून चामडं निवडताना

"कशाला पायजे?" चामड्याच्या दुकानात पहिला प्रश्न हाच येतो, आणि "हाताने चामड्याच्या वस्तू करायला शिकायचंय" हे उत्तर कुणालाच पुरत नाही. सांगलीत चप्पल-बुटांचं मटेरियल विकणाऱ्या एका काकांनी तर तोंडावरच सांगितलं, "ताई, आधी वस्तू सांगा, मग माल दाखवतो. नुसतं चामडं बघून तुम्हाला काय कळणार?" बोलणं फटकळ, पण मुद्दा बिनतोड होता. चपलेच्या तळाचं चामडं पाकिटाला चालत नाही, पाकिटाचं पट्ट्याला चालत नाही.

म्हणून आधी वस्तू ठरवल्या. ए-फाइव्ह वहीचं कव्हर आणि कार्डं ठेवायचं छोटं पाकीट. दोन्हींच्या कडा सरळ, चेन नाही, अस्तर नाही, हाताने शिवता येण्यासारखं. कमरेचा पट्टा दिसायला याहून सोपा, पण त्याला मीटरभराहून लांब, सलग, एकसारख्या जाडीची पट्टी लागते. ती पाठीच्या कण्याला समांतर कापावी लागते, म्हणजे चामड्याचा सगळ्यात महाग भाग. पट्टा पुढे ढकलला.

मग मापं काढली. उघडलेल्या वहीची रुंदी, मधली कड, दोन्ही बाजूंना आत वळणाऱ्या पट्ट्या, असं सगळं धरून वहीच्या कव्हरला साधारण ४४ बाय २३ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. चामडं चौरस फुटावर विकतात आणि एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. म्हणजे कव्हरला फुटाहून थोडं जास्त आणि पाकिटाला पाव फूट. कागदावर दीड फुटात काम भागतं. प्रत्यक्षात भागत नाही, कारण चामड्याला काटकोन नसतो. जनावराच्या आकाराचा वेडावाकडा तुकडा असतो, आणि कडेच्या लाटांचेही पैसे मोजावे लागतात. यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. जाड कागदाच्या पत्रिका मापाने कापून, मोठ्या भागासाठी चिकटवून, सगळे साचे पिशवीत टाकून नेले. दुकानात चामडं पसरलं की त्यावर साचे मांडायचे. दुकानदार आधी हसतात, मग स्वतःच साचे फिरवून बसवून देतात.

व्हिडिओवाले सगळे एकच सांगतात: साल-टॅनिंगचं, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेलं व्हेज टॅन चामडं घ्या, दीड मिलिमीटर. सांगलीकराला वाटतं, मग आपल्याला काय अडचण? कोल्हापुरी चपलेचं चामडं याच पद्धतीने कमावतात, बाभळीची साल आणि हिरडा वापरून. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात कोल्हापूर, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर सांगली जिल्हाही आला, आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही. म्हणजे आपण अगदी गावच्या गाभ्यात. पण हे चामडं तळासाठी केलेलं असतं. जाड, टणक, वाकवलं तर वाकून उभं राहणारं. त्याच दुकानात दुसऱ्या टोकाला बुटाच्या वरच्या भागाचं मऊ, रंगवलेलं क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं आणि पातळ अस्तर. नवशिक्याला हवं ते मधलं, दीड-दोन मिलिमीटरचं, न रंगवलेलं साल-टॅनिंगचं चामडं इथे कुणी मागत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही.

मिरजेत तबल्याच्या पुड्या, म्हणजे तोंडावर ताणलेलं कातडं, करतात त्यांच्याकडे बघ, असंही एकीने सुचवलं. पण ते कातडं कमावलेलंच नसतं. केस काढून वाळवलेलं असतं, कोरडं असताना खणखणीत आणि ओलं झालं की मऊ. तबल्याला तेच हवं. पाकिटाला नको.

क्रोमचं चामडं का नको, हा प्रश्न काकांनीच विचारला, आणि तो रास्त आहे. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काम झटपट होतं, चामडं मऊ राहतं, पाण्याला फारसं घाबरत नाही. पर्स, जॅकेट, सोफा सगळं त्याचंच. पण शिकणाऱ्याच्या हाताखाली ते सरकतं, ताणतं, कापताना रेघ पळते. कडा घासून गुळगुळीत होत नाहीत, त्यांना वेगळा रंग थापावा लागतो. ओलं करून ठसा मारला तर ठसा टिकत नाही. साल-टॅनिंगच्या चामड्याची कड थोडं पाणी लावून लाकडाने घासली की चकचकीत बसते, ठसा उमटतो आणि राहतो. वाकवलेला आकार धरून ठेवतं. कमावायला काही आठवडे जातात, तेवढं ते महागही पडतं. पण चूक कुठे झाली ते या चामड्यावर लगेच दिसतं, आणि शिकताना मला तेच हवं होतं.

दुकानात ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नये. तपकिरी रंग कशालाही देता येतो. कापलेली कड बघायची. क्रोमची कड आतून बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसते, सालीची आतपर्यंत बदामी. मग परवानगी घेऊन पाण्याचा एक थेंब. न रंगवलेलं साल-टॅनिंगचं चामडं थेंब पिऊन गडद होतं. वर प्लास्टिकसारखा थर चढवलेला असेल तर थेंब मण्यासारखा बसून राहतो. घरून मी गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून त्याचं पाणी एका बाटलीत नेलं होतं. ते कतरणीच्या तुकड्याला लावलं की साल-टॅनिंगचं चामडं काळं पडतं, कारण सालीतलं टॅनिन आणि लोह यांचा संयोग होतो. जुनी मंडळी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) घालून काळी शाई करायची, त्यातलाच हा प्रकार. क्रोमचं काळं पडत नाही. दुकानदाराला हा खेळ इतका आवडला की त्याने आणखी चार कतरणी काढून दिल्या. रेक्झिनची शंका असेल तर कतरणीचं टोक पेटवायचं. चामडं जळालं की केस जळल्याचा वास येतो, रेक्झिन वितळून गोळा होतो. पिशवीवरच्या 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर मात्र फार विसंबू नये. तो चामड्याच्या खालच्या, कमकुवत थरावरही मारलेला असतो.

शेवटी कोल्हापूर गाठलं. सुभाषनगरच्या बाजूला चपलांचे कारागीर आणि त्यांना माल पुरवणारे आहेत. तिथे गणित उलटं निघालं. हवं तसं पातळ चामडं तयार नव्हतं, पण जाड चामडं पातळ करून मिळत होतं. स्प्लिटिंग मशीनवर तीन मिलिमीटरचं पावणेदोन होतं. पट्टीसारख्या रुंद सुरीने वरचा आणि खालचा थर वेगळा निघतो. वरचा, म्हणजे केसांच्या बाजूचा थर आपण घ्यायचा.

"कुठला भाग देऊ?" तिथल्या दुकानदार मामांनी विचारलं. "पाठ घ्या की, एक नंबर माल."

पाठ घट्ट, एकसारखी आणि महाग. पोटाचा भाग स्वस्त, पण ढिला. हाताने ताणला की लांबतो आणि आत धागे सुटलेले असतात. दोन्ही टोकं धरून ताणून बघा, आणि केसांची बाजू आत येईल असं वाकवून बघा. घट्ट चामड्याला बारीक सुरकुती पडते, ढिल्याला मोठे सैल फुगवटे येतात. मी मानेचा भाग मागितला. मानेला वळ्यांच्या रेघा असतात म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो, पण वहीच्या कव्हरवर त्या रेघा मला तरी शोभूनच दिसतात. गोचीड चावल्याचे ठिपके, काट्याचे ओरखडे यांचंही तसंच. ते आरपार नसले की झालं.

जाडी मोजायला भावाकडून व्हर्नियर आणला होता, तो कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर असतो. त्याने बजावलं होतं, जबडा दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. चामडं दबतं आणि खोटं माप देतं. आणि एकाच जागी मोजून भागत नाही. एकाच तुकड्यात दीड आणि दोन दोन्ही मापं निघतात. पाकिटाला हा फरक जाणवतो, कारण तिथे थर वाढत जातात: दीड मिलिमीटरचे चार थर कडेला आले की सहा मिलिमीटर होतात, मग शिवताना आरी वाकडी जाते. म्हणून पाकिटाला १.२च्या आसपास आणि वहीच्या कव्हरला पावणेदोन असं ठरलं.

चामड्याच्या मागच्या बाजूला खडूने आकडा लिहिलेला असतो. १४ लिहून त्याच्या डोक्यावर छोटा २ असेल तर ते साडेचौदा फूट. वरचा छोटा आकडा पाव फुटांचा. हे माहीत असलं की भाव बोलताना गोंधळ होत नाही. अख्खं चामडं घेतलं तर फुटाचा दर कमी. तुकडा कापून मागितला तर जास्त, आणि काही जण कापून देतच नाहीत. नवशिक्यासाठी खरा माल पोत्यात असतो. चपला कापून उरलेल्या कतरणी किलोवर मिळतात. मी आधी पोतंभर कतरणी उपसल्या, तळहातापेक्षा मोठे तुकडे वेगळे काढले आणि टाके, कड, ठसा असा सगळा सराव त्यावर केला. मानेचं अख्खं चामडं कापायला घेतलं ते त्यानंतर.

हे सगळं म्हशीचं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने आली आणि २०१५मध्ये बैल-वळूही त्यात आले, त्यामुळे इथल्या दुकानात म्हैस आणि शेळी हेच दोन मुख्य पर्याय. परदेशी व्हिडिओत गायीच्या चामड्याचा तुकतुकीत पोत दिसतो, तो म्हशीच्या चामड्यात शोधू नये. म्हशीची छिद्रं ठसठशीत, पोत खरबरीत, आणि वापराने त्याला येणारी झाक मला जास्त आवडते. मेंढीचं चामडं मऊ असतं पण फाटतं आणि ताणतं. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाकिटाच्या आतल्या कप्प्यांसाठी शेळीचं साल-टॅनिंगचं पातळ चामडं तमिळनाडूतून कुरिअरने मागवलं. तिथल्या ई.आय., म्हणजे ईस्ट इंडिया लेदरलाही भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच्या मूळ पद्धतीत तरवडाची साल असायची. आपल्या जत-आटपाडीच्या माळावर पिवळ्या फुलांनी भरलेला तरवड दिसतो, तोच. ऑनलाइन घेताना मी तीन गोष्टी लिहून मागितल्या: जाडी किती ते किती, उन्हात काढलेला दोन्ही बाजूंचा फोटो, आणि नमुन्याचे छोटे तुकडे. नमुना पाठवायला नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याला मी पुढे विचारलंच नाही.

माल घरी आल्यावर त्याची घडी घालायची नाही, घडीची रेघ जात नाही. केसांची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करायची आणि जुन्या सुती चादरीत ठेवायची. वर्तमानपत्र नको, शाई उमटते. प्लास्टिकची पिशवी तर नकोच, पावसाळ्यात आत घाम धरतो आणि बुरशी येते. लोखंडी कपाटाच्या फळीवर थेट ठेवलं आणि फळी गंजकी असली तर दमट हवेत व्हिनेगर न लावताच काळे डाग पडतात, म्हणून खाली लाकडी पाट. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर ठेवायचं. उन्हात टाकलं की एक बाजू गडद होते आणि चामडं कडक पडतं.