चिखलदऱ्याचा घाट आणि काकांचे अठ्ठावीस दात

रामटेकच्या गडावर जाणारा डांबरी रस्ता काही फार लांब नाही, पण माझी नवी सायकल किती फसली आहे हे कळायला तेवढा पुरला. ऑक्टोबरातला रविवार. पहाटे पाचला झिरो माइलपासून निघालो होतो. कामठी रोड, कन्हानचा पूल, ट्रकांची धूळ, मग मनसरवरून आत. हे सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर सपाट अंतर मी हसतखेळत कापलं. गडाचा चढ लागला आणि सायकलने बसकण मारली.

पुढे शॉकअप, मागे शॉकअप, बोटभर जाड टायर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. दुकानात ती अशी दिसत होती की बाकीच्या सायकली तिच्यासमोर दूधवाल्याच्या वाटाव्यात. चढावर मात्र प्रत्येक पायडलला मागची स्प्रिंग दबायची, सीट दोन बोटं खाली जायची आणि परत वर यायची. माझा अर्धा जोर त्या स्प्रिंगने खाल्ला. भाचा त्याच्या जुन्या सव्वीस इंची सायकलवर शेजारून गेला आणि म्हणाला, "मामा, तुमची गाडी उठाबशा काढून राह्यली."

घरी आल्यावर रद्दीवाल्याच्या काट्यावर टांगली. १९ किलो.

मागचा शॉकअप वाईट असतो असं नाही. चांगल्या सायकलीत तो चढावर बंद करता येतो आणि त्याचा उसळीपणा आवरायला आत तेलाची सोय असते. पण तशी सायकल स्कूटरच्या भावात जाते. स्कूटरच्या भावाच्या पावपटीत मिळते ती निव्वळ दारावरची स्प्रिंग. मी ती पाच हजारांचा घाटा खाऊन विकली. घरी आकडा तीन हजार सांगितला आहे, तेव्हा हे वाचणाऱ्यांनी कृपया सांभाळून घ्यावं.

खरं तर रामटेक ही तालीम होती. डोक्यात चिखलदरा होता. नागपूरकर पोरांचा हा जुना रोग: सपाट शहरात राहायचं, सेमिनरी हिल्सला डोंगर म्हणायचं आणि एक दिवस खरा घाट चढायचा बेत करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर गट झाला, चौदा जणांनी "हौ" म्हटलं. रामटेकला आठ आले. टेम्पोचे पैसे मागितले तेव्हा सहा उरले. ज्याला कोणाला असा बेत करायचा असेल त्याने आधी पैसे मागावे, नकाशा नंतर टाकावा.

सहाजण म्हणजे मी, भाचा, शेजारचे दादा आणि वहिनी, माझ्या ऑफिसातला एक मित्र आणि काका. काका बँकेतून निवृत्त, वय बासष्ट, आणि सायकलच्या बाबतीत कोणाचंही न ऐकणारे. त्यांची हायब्रिड, म्हणजे बारीक टायरची, सरळ हँडलची, रस्त्यावर वाऱ्यासारखी पळणारी. कामठी रोडवर ते आमच्या सगळ्यांच्या पुढे होते.

तारीख ठरवायलाच पंधरा दिवस गेले. उन्हाळ्याचा प्रश्नच नव्हता, आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा कूलरसमोरून उठणं हाच व्यायाम. पावसाळ्यात चिखलदरा सुंदर असतो असं सगळे म्हणतात, आणि असतोही. पण धुकं, ओला रस्ता आणि सुट्टीला आलेल्या गाड्यांची रांग यांत सायकल घालायची हिंमत माझ्यात नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा ठरला. त्यात अडचण एकच, सूर्य साडेपाचच्या पुढेमागे बुडतो. मेळघाटच्या कडेला, वाघाच्या मुलखात, अंधार पडल्यावर सायकलवर असायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. भाच्याला जंगलातल्या कच्च्या रस्त्यांत शिरायचं होतं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, विषय संपला.

मग त्याने विचारलंच, "डांबरी रस्त्यानंच जायचं तर माउंटन बाइक काहून पाह्यजे?"

त्याचं उत्तर टायरात किंवा शॉकअपमध्ये नाही, दातांत आहे. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. माझ्या दुसऱ्या सायकलला पुढे २४, मागे ३४. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की चाक पाऊण फेराही फिरत नाही. २९ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातं, तर माझी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात १.६ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सहा किलोमीटरच्या आतबाहेर. माणूस झपझप चालला तर एवढाच चालतो. हसू नका, घाटात हाच वेग तुम्हाला सीटवर ठेवतो. काकांच्या हायब्रिडला पुढे २८ आणि मागेही २८. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. साठ फेऱ्यांना ताशी आठ किलोमीटर, आणि त्याच्या खाली यायचं तर गुडघ्याने ढकलायचं किंवा उतरायचं. मी हे काकांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद पाहिला आणि म्हणाले, "बाबू, मी चाळीस वर्षं बिनागिअरची चालवली. दात आपल्या तोंडातले मोजायचे."

दुसरी सायकल घेताना मी शहाणा झालो होतो. मागे शॉकअप नाही, पुढचा आहे पण तो वरच्या खटक्याने बंद होतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, वजन १४ किलो. शहाणपण खरं शिकलो ते मात्र वहिनींकडून. त्यांची उंची पाच फूट एक इंच. दुकानदाराने आधी बास्केटवाली लेडीज सायकल पुढे केली. वहिनी म्हणाल्या, "मले बाजारात नाही, घाटात जायचं आहे." मग त्याने एक मोठी फ्रेम काढली, सीट पार खाली केली आणि "बसते बरोबर" म्हणाला. वहिनी बसल्याच नाहीत. पाइपाच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभ्या राहिल्या. पाइप अंगाला टेकत होता. उतारावर अचानक पाय टेकावा लागला तर तिथे दोन इंच तरी मोकळे हवेत. सहा सायकलींवर अशा उभ्या राहिल्या, शेवटी पंधरा इंची फ्रेम आणि साडेसत्तावीसचं चाक निघालं. दुकानदार घामाघूम. सीट खाली-वर होते, फ्रेम होत नाही, एवढं साधं आहे हे. पण पहिल्या खेपेला मी रंग पाहून सायकल घेतली होती.

नागपूर ते परतवाडा दोनशेच्या आसपास किलोमीटर. सायकली छोट्या हत्तीत, माणसं जीपमध्ये. जुन्या गोधड्या मध्ये घालून सहाही सायकली रात्री आडव्या रचल्या. पहाटे अमरावतीला तर्रीपोहे झाले (नागपूरच्या तर्रीची सर नाही, पण उपाशी माणसाने तुलना करू नये). परतवाड्याला सायकली उतरवल्या, आणि दादांच्या सायकलचं मागचं गिअर टाकलं की चेन आऱ्यांत घुसायला लागली.

कारण लगेच कळलं. मागचं गिअर बदलणारं यंत्र उजव्या बाजूला लोंबतं. ते फ्रेमला एका छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने जोडलेलं असतं, तिला हँगर म्हणतात. आम्ही दादांची सायकल उजव्या कुशीवर झोपवली होती आणि वर दुसऱ्या दोन. पट्टी आत वाकली. ही पट्टी मुद्दाम नरम करतात, म्हणजे आपटली तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी. पण प्रत्येक मॉडेलची पट्टी वेगळी, दुसरी घरून आणली तरच मिळणार. आम्ही पंप दोन आणले होते, पट्टी एकही नाही.

बसस्टँडजवळ एक सायकलवाला नुकताच दुकान उघडून झाडत होता. त्याने पाहिलं, काही बोलला नाही. गिअरचं यंत्र खोलून बाजूला लोंबकळत ठेवलं. मग आतून एका जुन्या सायकलचं मागचं चाक आणलं आणि त्याच्या अ‍ॅक्सलचं टोक त्या पट्टीच्या भोकात फिरवून बसवलं. आटे तंतोतंत बसले. आता दादांच्या सायकलला मागे दोन चाकं दिसत होती, एक तिचं आणि एक बाहेरून चिकटलेलं. बाहेरचं चाक तिरपं दिसत होतं, म्हणजे पट्टी तितकी तिरपी. त्याने दोन्ही रिमांमधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे बोटांनी मोजलं. वर चार बोटं, खाली दोन. मग बाहेरचं चाक दोन्ही हातांनी धरून हळूच, दार लोटल्यासारखं, बाहेर ओढलं. परत बोटं. परत ओढलं. चारही बाजूंना तीन-तीन बोटं झाली तेव्हा चाक काढून यंत्र बसवलं. वीस मिनिटं. पन्नास रुपये मागितले. दादांनी शंभर दिले तर म्हणाला, "परत येताना चहा पाजा."

निघायला साडेआठ झाले. परतवाड्याहून चिखलदरा तीस किलोमीटरच्या घरात, आणि चिखलदऱ्याची उंची सुमारे ११०० मीटर. आधी संत्र्याच्या बागा आणि सपाट रस्ता, मग साग सुरू होतो आणि रस्ता वळायला लागतो. सागाची मोठी पानं वाळून रस्त्यावर पडली होती. टायरखाली आली की पापड मोडल्यासारखा आवाज. वळणांवर कठड्यावर वानरं बसलेली. समोरून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया उतरत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आपसात जे काही हसल्या, त्यावरून आमच्या उपक्रमाबद्दलचं त्यांचं मत कळलं.

गटाने घाट चढायचा एक नियम रामटेकला चुकूनच शिकलो होतो. पुढे जाणारे थांबतात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला की सगळे "चला चला" म्हणत निघतात. विश्रांती कोणाला मिळाली? ज्याला नको होती त्याला. म्हणून इथे ठरवलं की थांबा दर पाच किलोमीटरला, आणि घड्याळ शेवटचा माणूस आल्यावर सुरू. त्याने पाणी प्यायचं, चिक्की खायची, दहा मिनिटं बसायचं, मग तोच "निघा" म्हणेल. सगळ्यात पुढे वहिनी, सगळ्यात मागे भाचा. भाच्याला मागे ठेवलं कारण तो एकटाच असा होता की ज्याच्यात मागे राहायचीही ताकद होती.

तिसऱ्या थांब्यापाशी काका पायी आले. सायकल हातात, चेहरा शांत. पुढे निम्मा घाट ते असेच आले, जिथे चढ ओसरला तिथे बसायचे, वाढला की उतरायचे. एकदा मी त्यांच्यासाठी उतरलो तर म्हणाले, "तू जाय ना बे. मी हिले हवापालट करायले आणलं आहे." कागदाचा विषय दोघांनीही काढला नाही.

दोनला वर पोचलो. गवळ्याकडचा ताजा खवा घेतला, पानावरच खाल्ला, कोणी बोललं नाही. रात्री थंडी अशी की वहिनींनी टेम्पोतल्या गोधड्या मागवल्या.

सकाळी गाविलगडला गेलो. सायकली दरवाज्याशी ठेवून आत चाललो. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. त्यांनी तोफा डोंगरातून ओढून आणल्या होत्या हे ऐकून काका म्हणाले, "त्याहीले दात कमीच पडले असतील."

उतार हा वेगळाच प्रकार निघाला. माउंटन बाइकचा जन्मच उताराचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात काही पोट्टे जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायचे. १९७६ पासून तिथे शर्यत सुरू झाली, तिचं नाव रीपॅक. मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस एकाच उतारात जळून धूर व्हायचा, खाली आलं की ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून रीपॅक. हे मी भाच्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तरी स्वतः पहिले तीन किलोमीटर ब्रेक दाबूनच उतरलो आणि थांबल्यावर डिस्क गरम आहे का ते बोट लावून पाहिलं. बोटावर अजून डाग आहे. ब्रेक सतत धरायचा नाही, वळणाच्या आधी जोरात दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. काकांना हे सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षांचा हात होता तो. उतारावर ते आमच्यात सगळ्यात देखणे चालवत होते.

परतवाड्याला सायकलवाल्याला चहा पाजला. सायकली भरताना त्याने स्वतः उभं राहून सहाही डाव्या कुशीवर झोपवल्या.

नागपूरला पोचायला रात्रीचे अकरा झाले. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत सायकली उतरवून, टेम्पोवाल्याचे पैसे देऊन वळलो तर काका दिसेनात. त्यांच्या फाटकाशी मोबाइलचा उजेड होता. काका उकिडवे बसले होते, समोर माझी सायकल, आणि एका बोटाने मागचं चक्र फिरवत होते.

"एकतीस, बत्तीस, तेहेतीस..." त्यांनी वर न पाहताच हात केला. "थांब, बोलू नको. चुकते."