एका चालीचे दोन कॅमेरे

दुकानदाराने काचेवर पाच कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यातले दोन माझ्याकडे सरकवले. "साहेब, हे दोन घ्या. डबा आहे, बिल आहे, एक ओरखडा नाही. कुणी उघडलेसुद्धा नाहीत." पाचही कॅनन इक्सस ७०, पाचही वापरलेले. मला दोनच हवे होते, पण असे दोन, की एकाने डोळा मिटला की दुसऱ्यानेही त्याच क्षणी मिटावा.

सोमवती अमावस्या चार दिवसांवर आली होती. एका प्रदर्शनासाठी जेजुरीचा भंडारा मला त्रिमितीत टिपायचा होता. म्हणजे डाव्या डोळ्यासाठी एक फोटो, उजव्यासाठी दुसरा, आणि बघणाऱ्याने भिंगांच्या डबीतून दोन्ही एकदम बघायचे. तोवर मी किल्ल्यांचे असे फोटो एकाच कॅमेऱ्याने काढत आलो होतो. डाव्या पायावर भार देऊन एक, उजव्या पायावर भार देऊन दुसरा. आमच्यात याला चा-चा म्हणतात. बुरूज जागचा हलत नाही, त्यामुळे ते निभतं. उधळलेला भंडारा कुणासाठी थांबत नाही.

अशा जोडफोटोंत, म्हणजे स्टिरिओत, खोली कळते ती दोन फोटोंमधल्या सरकण्यावरून. जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी. पण एक शटर आधी उघडलं आणि दुसरं मागाहून, तर मधल्या वेळात वस्तू जेवढी हलली तेवढंही त्या सरकण्यात मिसळतं. हातातून सुटलेला खोबऱ्याचा तुकडा सेकंदाला तीन-चार मीटर सहज जातो. शटरमध्ये १० मिलिसेकंदांचा फरक पडला तर तो तीन-चार सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि आपल्या दोन डोळ्यांतलं अंतरच साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. आडवा गेला तर तो भलत्याच खोलीवर दिसतो. वर किंवा खाली गेला तर दोन्ही डोळ्यांतली चित्रं जुळतच नाहीत, डोकं दुखायला लागतं.

फुजीचा दोन भिंगांचा कॅमेरा असता तर हा खटाटोप लागला नसता. फाइनपिक्स रिअल थ्रीडी डब्ल्यू-३, २०१० साली आलेला, भिंगांमध्ये ७५ मिलिमीटर अंतर आणि दोन्ही शटर एकाच बटणावर. पण तो बनणं बंद झालं होतं आणि जुना कुठे हाती लागेना. माझ्याकडचे दोन मोठे डीएसएलआर कॅमेरे शेजारी ठेवले तर भिंगांतलं अंतर १३० मिलिमीटरच्या पुढे जायचं. सगळ्यात जवळची वस्तू या अंतराच्या तीसपट लांब हवी, असा आमचा ठोकताळा आहे. म्हणजे चार मीटर. सोमवतीच्या गर्दीत चार मीटर मोकळे कुठून मिळणार? इक्सस ७० ची रुंदी साधारण ८६ मिलिमीटर. दोन शेजारी लावले की अडीच-पावणेतीन मीटरवरचा माणूस चालतो. शिवाय त्यावर डेव्हिड साइक्स यांचं, दोन कॅमेरे एकदम चालवणारं स्टिरिओडेटा मेकर हे सॉफ्टवेअर चालतं. मेमरी कार्डाच्या कडेची चिमुकली खिटी लॉकवर सरकवून कॅमेरा सुरू केला की ते आपोआप चढतं, मूळ प्रोग्रॅमला धक्का लागत नाही. मग यूएसबीच्या वायरीतून वीज दिली की दोन्ही कॅमेरे फोकस धरून सज्ज होतात आणि वीज तोडली की फोटो काढतात. बटणाची डबी मीच बनवली होती: तीन पेन्सिल सेल, एक दाबाचं बटण, दोन वायरी.

वडील सासवडकडचे. लहानपणी त्यांच्याबरोबर बैलबाजारात गेलो की कंटाळा यायचा, कारण ते शिंगं, वशिंड, रंग यांकडे फारसं बघतच नसत. दोन बैल शेजारी धरून चालवायला सांगायचे आणि आपण मागून पायांकडे बघत राहायचे. एकटा कितीही देखणा असो, जोडीदाराच्या चालीचा नसेल तर परत दावणीला. मीही त्या काचेसमोर पाचही कॅमेरे चालवून बघायलाच आलो होतो. दुकानदाराला आधीच फोनवर सांगितलं होतं, दोन तास लागतील, आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही लागेल. मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करणाऱ्या काकांकडे १४ इंची टीव्ही होता.

आधी आतल्या प्रोग्रॅमची आवृत्ती तपासली. चौघांची १.०२, एकाची १.०१. तो एक त्या चकचकीत दोघांतलाच निघाला. पाचही सारखे असताना वेगळ्या आवृत्तीचा धोका मी कशाला पत्करू? बाजूला ठेवला.

मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं आणि स्टँड न हलवता उरलेल्या चौघांनी त्याचा फोटो काढला, झूम अजिबात न वापरता. झूम दोन्हीकडे तंतोतंत सारखा होईल याचा भरवसा नसतो, म्हणून जोडकामात मी तो वापरतच नाही. लॅपटॉपवर पानं एकावर एक ठेवली. तिघांच्या ओळी जुळल्या. चौथ्याचा उजवा कोपरा धूसर होता आणि तिथल्या रकान्याच्या ओळी एका बाजूला कललेल्या. भिंग तिरकं बसलेलं. तोही गेला.

उरले तीन: एक चकचकीत, आणि दोन असे, की कडांचा रंग उडालेला, एकाच्या पडद्यावर उभा चरा. आता टीव्ही. ट्यूबवर चित्र एकदम उमटत नाही, वरून खाली एकेक रेघ ओढली जाते आणि एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाला फोटो काढला तर अख्खा पडदा येत नाही, एक उजळ पट्टा तेवढा येतो. दोन कॅमेऱ्यांत तो पट्टा एकाच उंचीवर आला तर शटर बरोबर उघडलं. खालीवर असला तर पट्टी लावून मोजायचं. १४ इंची पडद्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद.

चकचकीत आणि रंग उडालेला, अशी पहिली जोडी लावली. पहिले सहा फोटो उत्तम. सातव्यात चकचकीताचा पट्टा नऊ सेंटिमीटर खाली. मग पुन्हा चार बरोबर, पुन्हा एक घसरलेला. नेहमी सारखाच उशीर होत असता तर काही तोड काढली असती. मधूनच घसरणाऱ्याचं काय करणार? काकांनी तो हातात घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि खालचा स्क्रू मला दाखवला. डोक्याची फुली झिजून गोल झाली होती. "हा उघडलाय," ते म्हणाले. दुकानदार काही बोलला नाही. मला मात्र राग आला. माणूस पैसे देतो ते शब्दावर विसंबून. मी टीव्ही मागितला नसता तर हाच कॅमेरा घेऊन जेजुरीला गेलो असतो.

दोन्ही रंग उडालेले शेजारी लावले. चाळीस फोटो काढले. पट्टे वरखाली झालेच तर बोटाच्या पेराच्या आत, बहुतेक वेळा रेघेला रेघ. काका खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसले होते. शेवटचे दहा फोटो तेच मोजत होते.

तिथेच दोघांच्या तळाला नेलपॉलिशने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून घेतलं. कुठल्याही दोन भिंगांत थोडा तिरकेपणा असतोच. जागा कायम ठेवल्या तर तो दर फोटोत तेवढाच येतो आणि नंतर एकाच मापाने काढता येतो.

सोमवतीला कॅमेरे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसले, व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे उन्हाचा कायम केला. आपोआपवर सोडला असता तर समोर एवढं पिवळं पाहून दोघांनी आपापला वेगळा रंग ठरवला असता. वरून प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर, फक्त भिंगं उघडी. कऱ्हेला निघालेली पालखी गडाच्या दारातून बाहेर पडली, येळकोट येळकोट जय मल्हारचा गजर उठला आणि समोरचं सगळं हळदीने भरून गेलं. मला पालखी दिसत नव्हती, दीपमाळा दिसत नव्हत्या. मी नुसतं बटण दाबत आणि सोडत होतो.

रात्री सासवडच्या घरी मासुजी सुतो यांचं स्टिरिओफोटो मेकर हे फोटो जुळवायचं सॉफ्टवेअर उघडून एकेक जोडी बसवली. पुष्कळ वाया गेल्या. कुणाची तरी पगडी आडवी, कुणाचा हात. एका जोडीत मात्र खोबऱ्याचा तुकडा पालखीच्या दांडीवर अधांतरी होता, पांढरी बाजू माझ्याकडे. दोन्ही फोटो मोठे करून त्याची उंची मोजली. दोन पिक्सेलचा फरक.

वडील बाजूला बसून मघापासून कॅमेरे उलटसुलट करून बघत होते. तळावरच्या अक्षरांवर त्यांनी अंगठा फिरवला.

"डाव्याचा उजवीकडे जुंपला नाहीस ना?"

"नाही, दादा."

त्यांनी ‘उ’ माझ्याकडे दिला. भिंगाच्या नळीच्या खाचेत हळद भरली होती. मी ब्रश घेऊन झाडायला बसलो.