पट्टी सुटायच्या आधी

पट्टीच्या प्रयोगाच्या तासाला नववीतलं एकही पोरगं पाणी प्यायला बाहेर जात नाही. सामान काय, तर तीस सेंटिमीटरची फूटपट्टी. एकानं वरून धरायची, दुसऱ्यानं शून्याच्या खुणेपाशी चिमूट उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सुटते आणि पकडेपर्यंत जितकी घसरली त्यावरून प्रतिक्रियेला लागलेला वेळ काढायचा. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच, त्यामुळं घड्याळाची गरजच नाही. १५ सेंटिमीटरला साधारण ०.१७ सेकंद, २० ला ०.२. बहुतेक वर्ग याच्याच आसपास सापडतो. पहिला नंबरवाला आणि काठावर पास होणारा शेजारी शेजारी येतात, हे मागच्या बाकांना फार आवडतं.

एका वर्षी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका पोरानं पट्टी तीनवर पकडली. पुन्हा तीन. मग चार. ‘नाद खुळा!’ म्हणून वर्ग ओरडला. मी फळ्यावर गणित मांडलं: ०.०८ सेकंद. डोळ्यानं पाहायचं, मेंदूनं ठरवायचं आणि बोटांनी मिटायचं, हे इतक्यात होत नाही. कान डोळ्यापेक्षा तल्लख, तरी शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत कुणी हललं तर फाऊल धरतात.

“पट्टीकडंच बघतोयस न्हवं?”

“पट्टी कोण बघतंय सर? ह्यो सोडायच्या आधी ओठ चावतोय.”

सोडणाऱ्याच्या तोंडापुढं वही धरायला लावली. गडी सरळ सतरावर आला, चारचौघांसारखा.

प्रयोगाच्या हिशोबानं त्याच्या आधीच्या नोंदींवर काट मारायची, आणि मी मारली. पण पोरगं तालमीच्या फुटबॉल संघाचं गोलकीपर. पेनल्टीला चेंडू ११ मीटरवर. जोरात बसला तर अर्ध्या सेकंदाच्या आत जाळ्यात. त्यातला पाव सेकंद नुसता कळण्यात जाणार, मग झेप कधी घेणार? शाहू स्टेडियमवर चेंडूची वाट बघत बसणाऱ्या कीपरला प्रेक्षक काय काय ऐकवतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला मारणाऱ्याचा टेकलेला पाय, वळलेली कंबर आधीच वाचावी लागते. वर्गात जिला आपण लबाडी म्हणतो, तिच्यावरच तिथं संघात जागा मिळते.

तेव्हापासून मी हा प्रयोग दोनदा घेतो, तोंड झाकून आणि उघडं ठेवून, आणि दोन्ही रकाने वहीत मांडायला लावतो. पंचाईत एवढीच, की आता पट्टी सोडणारी पोरं पुतळ्यासारखा चेहरा करून उभी राहतात आणि त्यावरच वर्गाला हसू फुटतं.